सल्ला : पाळी थांबते तेव्हा मेंदू कसला हिशेब करीत असतो?

प्रश्न : माझे वय २७ वर्षे आहे. गेल्या वर्षापासून मी लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी धावण्याचा सराव करते आहे आणि त्याच काळात आहारही मोजूनमापून घेऊ लागले. वजन ५८ किलोवरून ५१ किलोवर आले. मोबाइलमधील नोंदीनुसार दिवसाला साधारण १७०० कॅलरी पोटात जातात आणि धावण्यात ६०० च्या आसपास खर्च होतात. गेले सात महिने पाळी आलेली नाही. गर्भधारणा नाही, हे तपासून झाले आहे. सोनोग्राफीत अंडाशयांत बारीक बारीक पुटिका (द्रवाने भरलेल्या पिशव्या) दिसल्या, म्हणून एका डॉक्टरांनी पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार असल्याचे सांगून वजन आणखी कमी करायला सांगितले. दुसऱ्या डॉक्टरांच्या मते अंडाशय ठीक आहेत, मेंदूकडून येणारा संदेश मंदावला आहे. घरी सगळे म्हणतात, टेन्शन घेऊ नकोस, सगळे मनाचे आहे. पाळीशी मेंदूचा नेमका काय संबंध? हे मी स्वतःच ओढवून घेतले का? गोळ्या घेऊन पाळी आणावी का? पुढे मूल होण्यात अडचण येईल का?

उत्तर : पत्रातील तपशील पाहता दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे अधिक जुळणारे वाटते. पत्रावरून निदान करता येत नाही आणि कोणत्या तपासण्या हव्यात ते पुढे लिहितेच. परंतु एक गोष्ट आजच सांगणे आवश्यक आहे. निदान पक्के होईपर्यंत वजन आणखी कमी करू नका. दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे खरे ठरले, तर वजन घटवण्याचा सल्ला तुमच्यासाठी नेमका उलटा ठरेल. तसे का, हे समजण्यासाठी मेंदू प्रजनन संप्रेरकांवर कसे नियंत्रण ठेवतो, ते थोडे सविस्तर पाहू.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग असतो. भूक, तहान, झोप आणि शरीराचे तापमान यांचे नियमन जिथे होते, तिथूनच प्रजननाचेही नियमन होते आणि हा शेजार निव्वळ योगायोगाचा नाही. या भागात विखुरलेल्या, एक ते दोन हजारांच्या घरातील मोजक्या चेतापेशी जीएनआरएच नावाचे संप्रेरक तयार करतात. मेंदूतील एकूण पेशींच्या मानाने ही संख्या नगण्य आहे, तरीही माणसाची सगळी प्रजननक्षमता त्यांच्यावर अवलंबून असते. जीएनआरएच हा अवघ्या दहा अमिनो आम्लांचा रेणू आहे. तो हायपोथॅलॅमसच्या तळाशी असलेल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात सोडला जातो आणि तिथून थेट पिट्युटरी ग्रंथीपर्यंत पोहोचतो. शरीरभर फिरणाऱ्या रक्तात तो जवळजवळ सापडतच नाही, कारण दोन ते चार मिनिटांत त्यातील निम्मा नाहीसा होतो. मेंदू पिट्युटरीवर हुकूमत गाजवतो ती या रक्तवाहिन्यांमार्फत, ही मांडणी जेफ्री हॅरिस या ब्रिटिश शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यात केली. जीएनआरएचची रचना १९७१ मध्ये अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन यांच्या प्रतिस्पर्धी गटांनी उलगडली आणि मेंदूतील संप्रेरकांवरील कामासाठी या दोघांना १९७७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

जीएनआरएच मिळाले, की पिट्युटरी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. एफएसएचमुळे अंडाशयातील, स्त्रीबीज ज्यांत वाढते त्या पुटिका वाढतात आणि एलएचमुळे स्त्रीबीज बाहेर पडते. पुरुषांमध्ये हीच दोन संप्रेरके वृषणांवर काम करतात. इथवरचे बहुतेकांनी शाळेत वाचलेले असते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यापुढच्या भागात आहे.

जीएनआरएच अखंड झिरपत नाही, ते ठरावीक अंतराने एकेका स्पंदात सुटते. अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, हायपोथॅलॅमसमधील जीएनआरएचचा स्रोत नष्ट झालेल्या ऱ्हीसस माकडिणींना ते बाहेरून दिले. तासाला एकदा, काही मिनिटे दिले तेव्हा एलएच आणि एफएसएच पूर्ववत स्रवू लागले. तेच सतत चालू ठेवले, तेव्हा दोन्ही खाली कोसळले. दारावर थांबून थांबून टकटक झाली, तर आतला माणूस उठून दार उघडतो. बेल अखंड वाजत राहिली, तर तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. पिट्युटरीच्या पेशींचेही असेच काहीसे होते. सतत संदेश मिळू लागला, की त्या आपले ग्राहक रेणू, म्हणजे संदेश झेलणारे रेणू, आवरून घेतात. आज प्रोस्टेटच्या कर्करोगात, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढतात त्या आजारात) किंवा फार लवकर वयात येणाऱ्या मुलांमध्ये जीएनआरएचसारखीच दीर्घकाळ काम करणारी इंजेक्शने देऊन प्रजनन संप्रेरके मुद्दाम बंद केली जातात, ती याच तत्त्वावर.

म्हणजे संदेशात किती रेणू आहेत यापेक्षा ते कोणत्या लयीत येतात, याला महत्त्व आहे. पाळीनंतरच्या पंधरवड्यात हे स्पंद साधारणपणे तास-दीड तासाने येतात. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर अंडाशयातून स्रवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाने ते तीन-चार तासांवर जातात. लय जलद असली, की एलएचला जोर मिळतो; संथ असली, की एफएसएचला. अंडाशयही गप्प बसत नाहीत. त्यांचे इस्ट्रोजेन हे संप्रेरक बहुतेक दिवस मेंदूला आणि पिट्युटरीला आवर घालते, पण पुटिका पक्व होऊन इस्ट्रोजेनची उच्च पातळी सुमारे दोन दिवस टिकली, की तोच आवर उलटून प्रोत्साहन बनतो. एलएचची एकच मोठी लाट उसळते आणि ती सुरू झाल्यापासून सुमारे ३६ तासांत स्त्रीबीज बाहेर पडते. एकच संप्रेरक आधी लगाम घालते आणि नंतर तेच टाच मारते, ही व्यवस्था मला आजही शरीरशास्त्रातील सर्वांत सुंदर व्यवस्थांपैकी एक वाटते.

ही लय कोण ठरवते, याचे उत्तर मिळायला एकविसावे शतक उजाडावे लागले. गंमत अशी, की जीएनआरएच तयार करणाऱ्या पेशींकडे इस्ट्रोजेनचा मुख्य ग्राहक रेणूच नसतो आणि शरीरातील चरबीच्या साठ्याची वार्ता देणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचाही नसतो. त्यांना बातम्या दुसरे कुणीतरी आणून देते. २००३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी वयातच न आलेल्या काही व्यक्तींचा अभ्यास करून दाखवले, की किसपेप्टिन या रेणूचा ग्राहक बिघडलेला असेल, तर जीएनआरएचची यंत्रणा जागीच होत नाही. हायपोथॅलॅमसमधील किसपेप्टिनच्या पेशी एकमेकींना न्यूरोकायनिन बी या रेणूने उठवतात आणि डायनॉर्फिनने शांत करतात. उठणे आणि शांत होणे यांच्या या आवर्तनातून एकेक स्पंद जन्माला येतो. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, लेप्टिन, ताणाची संप्रेरके, स्तनपानाच्या काळात वाढणारे प्रोलॅक्टिन या सर्वांच्या वार्ता थेट किंवा वळसा घेऊन याच पेशींपर्यंत येतात. तुमच्या शरीरात काय घडले असावे, ते याच ठिकाणी घडले असावे.

आता तुम्ही दिलेले आकडे पाहू. तुम्ही १७०० कॅलरी घेता, त्यांतील ६०० धावण्यात जातात. उरलेल्या ११०० कॅलरींवर हृदय, यकृत, मेंदू, हाडे, प्रतिकारशक्ती आणि प्रजनन असे सगळे चालवायचे आहे. या उरलेल्या उर्जेला शरीरातील चरबी वगळून राहणाऱ्या वजनाने भागतात. ५१ किलोच्या तुमच्यासारख्या धावपटूचे असे वजन अंदाजे ४० किलो धरले, तर किलोमागे साडेसत्तावीस कॅलरी येतात. निरोगी तरुण स्त्रीसाठी हा आकडा ४५ च्या आसपास असावा लागतो. अ‍ॅन लाउक्स यांनी नियमित पाळी येणाऱ्या स्त्रियांवर केलेल्या प्रयोगांत, तो अवघे पाच दिवस ३० च्या खाली ठेवला, तेव्हाच एलएचच्या स्पंदांची संख्या कमी झाल्याचे दिसले. पाच दिवसांत कुणाचे वजन लक्षणीय घटत नाही. म्हणजे मेंदू वजनकाट्याकडे पाहत बसत नाही, तो रोजची शिल्लक पाहतो. ३० ही काही प्रत्येकीला लागू होणारी काटेकोर रेषा नव्हे. काहींची लय त्याआधीच बिघडते, काहींची त्याखालीही टिकते. पण तुमचा आकडा काळजी करण्याजोगा आहे, हे निश्चित.

यावरून आणखी एक गोष्ट लक्षात येईल. तुमची उंची तुम्ही कळवलेली नाही, परंतु ५१ किलो हे अनेक स्त्रियांसाठी अगदी सर्वसाधारण वजन असते आणि त्यामुळे ‘तू काही एवढी बारीक नाहीस, तुला खाण्याची काय कमतरता’ असे ऐकावे लागण्याची शक्यता आहे. वजन सर्वसाधारण असतानाही उर्जेची तूट असू शकते आणि पाळी थांबू शकते. रक्तातील लेप्टिन चरबीच्या साठ्याबरोबर घटते, पण काही दिवस कमी खाल्ले, तरी ते साठ्याच्या मानाने बरेच अधिक घसरते. अशा पाळी थांबलेल्या स्त्रियांच्या एका लहानशा गटाला बाहेरून लेप्टिन दिल्यावर एलएचचे स्पंद वाढले आणि काहींमध्ये स्त्रीबीजही बाहेर पडले, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते. हा काही नेहमीचा उपचार नाही, पण मेंदू कोणती बातमी ऐकत असतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

घरच्यांच्या म्हणण्याविषयी. ताणाचा भाग खरा आहे. ताणात वाढणारी कॉर्टिसोलची साखळी जीएनआरएचच्या लयीला संथ करते, आणि माकडांवरील प्रयोगांत असे दिसले आहे, की थोडे कमी खाणे, थोडा व्यायाम आणि थोडी मानसिक ओढाताण या एकेकट्याने फारसा न त्रास देणाऱ्या गोष्टी एकत्र आल्या, की त्यांचा परिणाम बेरजेहून मोठा होतो. परंतु ‘सगळे मनाचे आहे’ या वाक्यात जो आरोप दडलेला असतो, तो तुम्ही स्वीकारू नये. हायपोथॅलॅमसमध्ये मोजता येण्याजोगा बदल झाला आहे, तो रक्ततपासणीत दिसतो, आणि ‘टेन्शन घेऊ नकोस’ असे सांगितल्याने तो दूर होत नाही. ताण कमी करण्याचा पद्धतशीर मार्ग मात्र उपयोगी ठरतो. संज्ञानात्मक वर्तनोपचाराच्या एका छोट्या अभ्यासात, वीस आठवड्यांच्या समुपदेशनानंतर आठपैकी सहा स्त्रियांमध्ये स्त्रीबीज बाहेर पडू लागले. नुसत्या निरीक्षणाखाली ठेवलेल्या आठपैकी एकीमध्येच तसे घडले. सोळा जणींच्या अभ्यासावर फार मोठा इमला बांधू नये, पण दिशा स्पष्ट आहे. हे तुम्ही ओढवून घेतले का, असे तुम्ही विचारता. तुम्ही मेहनत घेतलीत आणि तिला पुरेल एवढे अन्न लागते, हे तुम्हाला कुणी सांगितले नाही. यात अपराध मानण्यासारखे काही नाही.

आता पीसीओएसविषयी, कारण तुमच्या बाबतीत खरा धोका तिथे आहे. मेंदूकडून येणारा संदेश मंदावलेल्या स्त्रियांपैकी बऱ्याच जणींच्या सोनोग्राफीत अंडाशयांत बारीक पुटिका दिसतात. पुटिका वाढायला सुरुवात करतात, पण पुढे नेणारा एलएच आणि एफएसएचचा जोर नसल्याने तिथेच थांबतात. केवळ सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवता येत नाही. त्या आजारात बहुतेक वेळा जीएनआरएचची लय जलद असते, एलएच एफएसएचच्या तुलनेत वाढलेले असते, आणि पुरुषी संप्रेरकांचा प्रभाव दिसतो. म्हणजे चेहऱ्यावर केस, हट्टी मुरुमे किंवा रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढलेले. तुमच्यासारख्या स्थितीत एलएच कमी किंवा कमीच्या बाजूला असते, इस्ट्रोजेनही कमी असते. एकीत लय घाईची, दुसरीत मंद. म्हणून एकीसाठी योग्य असलेला ‘कमी खा, जास्त व्यायाम करा’ हा सल्ला दुसरीचे नुकसान करतो. दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत असू शकतात, म्हणून संप्रेरकांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून हे नीट तपासून घ्यावे.

तपासण्या फार नाहीत. एफएसएच, एलएच, इस्ट्राडायोल (मुख्य इस्ट्रोजेन), प्रोलॅक्टिन, थायरॉइड आणि एएमएच (स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारे संप्रेरक) या रक्ततपासण्या, शिवाय पुरुषी संप्रेरकांची शंका असल्यास टेस्टोस्टेरॉन. एलएच स्पंदांत स्रवत असल्यामुळे एका वेळच्या नमुन्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. प्रोलॅक्टिन वगळता कामा नये, कारण ते वाढले तरी किसपेप्टिनच्या पेशी दबतात आणि चित्र हुबेहूब असेच दिसते. उलटीवरील किंवा मनोविकारांवरील काही औषधांनीही ते वाढते, म्हणून घेत असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगा. सतत डोकेदुखी, बाजूची दृष्टी कमी होणे किंवा स्तनांतून दूध येणे यांपैकी काही असेल, तर मेंदूचा एमआरआय लांबणीवर टाकू नका. हायपोथॅलॅमसमुळे पाळी थांबली, हे निदान बाकीची कारणे वगळल्यावरच करायचे असते.

गोळ्यांच्या प्रश्नाचे उत्तर नीट वाचा. गर्भनिरोधक गोळ्यांनी दर महिन्याला रक्तस्राव होईल, पण तो त्या गोळ्या थांबवल्यामुळे होणारा रक्तस्राव असेल. मेंदूची लय त्याने परत येत नाही. उलट गोळ्यांतील संप्रेरके हायपोथॅलॅमसला आणखी शांत ठेवतात आणि खरी पाळी कधी सुरू झाली असती, हे कळण्याची खूणच पुसली जाते. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही केवळ पाळी आणण्यासाठी किंवा हाडांच्या बळकटीसाठी या गोळ्या घेऊ नयेत असे सांगतात. गर्भनिरोधनासाठी त्या घ्यायच्या असतील, तर तो वेगळा प्रश्न आहे. आहार आणि व्यायामात बदल करून पुरेसा काळ गेल्यावरही पाळी आली नाही, तर त्वचेवर लावायच्या पट्टीतून इस्ट्राडायोल आणि त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन थोड्या काळासाठी देण्याचा पर्याय डॉक्टर सुचवू शकतात.

इस्ट्रोजेन कमी असण्याचा सर्वांत चोरपावलांनी होणारा परिणाम हाडांवर होतो. हाडांची सर्वाधिक घनता तिशीच्या आसपासपर्यंत साठवली जाते आणि तुम्ही त्या साठवणीच्या अखेरच्या वर्षांत आहात. पाळी सहा महिन्यांहून अधिक काळ थांबली असेल, तर हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी असे मार्गदर्शक सूचना सांगतात. तुमचे सात महिने झाले आहेत. नडगीत किंवा पायाच्या पंजात धावताना एकाच जागी दुखत असेल, तर सराव थांबवून हाडाला बारीक तडा गेला नाही ना, हे आधी पाहून घ्या.

मग करायचे काय? आहार वाढवायचा आणि धावणे कमी करायचे, दोन्ही. वर केलेल्या हिशेबाने, धावणे आहे तसे ठेवले, तर तुम्हाला दिवसाला २४०० कॅलरींच्या आसपास अन्न लागेल. धावणे निम्मे केले, तर २१०० च्या आसपास. ही झेप एकदम न घेता दोन-तीन आठवड्यांत गाठा. भात, पोळी, भाकरी असे पिष्टमय पदार्थ कमी केले असतील, तर ते परत आणा, आणि धावण्यापूर्वी व नंतर काही तरी खाल्ल्याशिवाय राहू नका, कारण दिवसाची बेरीज बरोबर असूनही दिवसातले कित्येक तास तुटीत जाऊ शकतात. कॅलरी मोजणे थांबवताना भीती वाटत असेल, जेवणानंतर अपराधी वाटत असेल किंवा एक दिवस धावणे चुकले तर मन अस्वस्थ होत असेल, तर ते आहारतज्ज्ञांइतकेच समुपदेशकांनाही सांगा. शर्यत यंदाऐवजी पुढच्या वर्षी धावता येईल. वजन दोन-तीन किलो वाढेल, कदाचित अधिकही. ते वाढणे उपचाराचा भाग आहे.

परिणाम किती दिवसांत दिसेल, हे प्रत्येकीचे वेगळे असते. काहींची पाळी काही महिन्यांत परतते, काहींना वर्षभर आणि क्वचित त्याहूनही अधिक काळ लागतो. आधी एलएचचे स्पंद वाढतात, मग पुटिका वाढू लागतात, मग इस्ट्रोजेन. योनीतील ओलावा वाढणे, झोप सुधारणे, थंडी कमी वाजणे या खुणा पाळीच्या आधी जाणवू शकतात. तिकडे लक्ष असू द्या, त्याने धीर येतो.

मूल होण्याच्या चिंतेबाबत स्पष्ट सांगते : या स्थितीत अंडाशयांतील स्त्रीबीजांचा साठा संपलेला नसतो. तो जागेवर असतो, फक्त त्याला वरून साद मिळत नसते, आणि लय परत आली, की गर्भधारणा नैसर्गिकरीत्या होऊ शकते. लय आपोआप परतली नाही आणि मूल हवे असेल, तर वजन सुरक्षित पातळीवर आल्यावर स्त्रीबीज बाहेर पडावे यासाठी एफएसएच आणि एलएचची इंजेक्शने देता येतात. काही देशांत तर शरीरावर लावलेल्या छोट्या पंपातून ठरावीक अंतराने जीएनआरएचच दिले जाते, म्हणजे नोबिल यांनी माकडिणींवर जे केले, तेच. मात्र एक ध्यानात असू द्या. परतीच्या वाटेवर पहिले स्त्रीबीज पहिल्या पाळीच्या सुमारे दोन आठवडे आधी बाहेर पडते, त्यामुळे पाळी आलेली नसतानाही गर्भ राहू शकतो. तूर्त मूल नको असेल, तर आहार वाढवायला सुरुवात करताच गर्भनिरोधनाची सोय करा, आणि मधल्या काळात शंका आली, तर चाचणी करून घ्या.